यंत्र हवे की मजकूर?

मोडलेली वस्तू पुन्हा सांधण्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. घराची होते ती डागडुजी, देवळाचा होतो तो जीर्णोद्धार, फुटक्या भांड्याला देतात तो डाख, आणि उरलेल्या सगळ्या संसाराची होते ती दुरुस्ती. यांपैकी ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आम्हा इंदूरकरांच्या विशेष जिव्हाळ्याचा; काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभे करणाऱ्या अहिल्याबाईंच्या नावाशी तो कायमचा जोडला गेला आहे. ‘दुरुस्ती’ला तसे काही तेजोवलय नाही. तो फारसीतून आलेला कामकरी शब्द. ‘दुरुस्त’ म्हणजे बरोबर, यथायोग्य. परंतु बरोबर म्हणजे कोणाच्या दृष्टीने आणि कशासाठी, हे तो शब्द सांगत नाही. हा प्रश्न माझ्यापुढे एखाद्या ग्रंथाने नव्हे, तर थोरल्या बंधूंच्या जुन्या संगणकाने उभा केला, आणि त्याचे उत्तर शोधताना माझ्या हातून एक चूक घडली. त्या दोन्हींविषयी येथे लिहावयाचे आहे.

दादांनी हा संगणक २००४ साली, निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, सुटे भाग जोडून करून घेतला. पेंटियम ४ जातीचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क आणि टेबलाचा निम्मा भाग अडवणारा काचेचा अवजड मॉनिटर. आमच्या रामबागेतील घरात एका पत्र्याच्या पेटीत मोडी कागदांची बाडे होती. मुलखातून माळव्यात आलेल्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांची पत्रे, हिशेब, एका विहिरीच्या हक्कावरून चाललेला तंटा. कोणी इतिहासकाराने दखल घ्यावी असे त्यांत फारसे नसावे. पण आम्ही कोण आणि कोठून आलो याचा तेवढाच पुरावा. दादा सकाळी भिंग घेऊन कागद लावीत आणि दुपारी त्यांचे देवनागरी लिप्यंतर संगणकावर उतरवून काढीत. २०११ मध्ये त्यांनी मला एकदा सांगितले, ‘याची एक प्रत काढून ठेव, आणि जमल्यास छापून घे.’ मी होय म्हटले. २०१३ मध्ये ते गेले. प्रत काढायची राहिली.

पुढे सहा वर्षे तो संगणक वहिनींनी सांभाळला. विणलेले आच्छादन रविवारी संध्याकाळी काढावयाचे, बटण दाबावयाचे, यंत्राने आपली अंतर्गत तपासणी करून ‘सर्व ठीक’ या अर्थाची एक बारीक शीळ वाजवली की दहा-पंधरा मिनिटे पत्त्यांचा डाव खेळावयाचा आणि पुन्हा झाकून ठेवावयाचे. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यातील विंडोज एक्सपी या प्रणालीचा आधार तिच्या निर्मात्यांनी काढून घेतला. वहिनींच्या रविवारला त्याने काहीही फरक पडला नाही.

२०१९ च्या डिसेंबरात मात्र तो अडू लागला. आधी तारीख मागे जाऊ लागली. प्रत्येक वेळी चालू केला की घड्याळ एकाच जुन्या वर्षावर परत. नंतर थंडीच्या सकाळी तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला चालू होई. आणि एका रविवारी पंखा फिरला, थांबला, शीळ आलीच नाही. मी तो रिक्षात घालून एका मोठ्या दुकानात नेला. तेथील तरुणाने बटण एकदा दाबले आणि पेटीचा पत्रा न उघडता सांगितले, ‘बोर्ड गया. नया ले लो.’ त्याचा अंदाज निम्मा खरा होता, हे पुढे कळले. तरीही ते उत्तर मला त्या वेळी खोटे वाटले आणि आजही वाटते. विधान खरे निघाले म्हणून ते प्रामाणिक होते असे ठरत नाही. ते पाहून केलेले असावे लागते.

जेल रोडच्या एका बोळात एक मध्यमवयीन दुरुस्तीकार बसतो. त्याला घरी बोलावले. त्याने पेटी उघडली, ब्रशने धूळ काढली, विजेरीच्या उजेडात बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, ‘अभी पता नहीं, काकासाब. देखना पड़ेगा.’ नंतर हात थांबवून त्याने विचारले, ‘आपको मशीन चाहिए कि डाटा?’

मी म्हणालो, ‘डाटा.’ त्याच क्षणी वहिनी म्हणाल्या, ‘मशीन.’

हा प्रश्न त्याने तत्त्वचर्चेसाठी विचारला नव्हता. त्याच्या धंद्यात कामाचा क्रम त्यावर ठरतो. यंत्र हवे असेल तर ते पुन्हा पुन्हा चालवून पाहावे लागते. मजकूर हवा असेल तर जुनी डिस्क शक्यतो चालवूच नये, बाहेर काढून आधी तिची नक्कल करावी. एकाला जो उपचार, तोच दुसऱ्याला अपाय. आम्ही दीर-भावजय एकाच टेबलाशी उभे राहून एकाच वस्तूविषयी बोलत आहोत अशी माझी समजूत होती. ती तेथे संपली.

त्याची तपासण्याची रीत सांगण्याजोगी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हा त्याचा एकमेव नियम. प्रथम रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा साध्या खोडरबराने घासल्या आणि ती परत बसवली, फरक नाही. मग खिशातून आणलेली, चालू असल्याची खात्री असलेली दुसरी पट्टी लावली. फरक नाही, म्हणजे पट्टी निर्दोष. मग मल्टिमीटर. संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, ज्याला एस.एम.पी.एस. म्हणतात, पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, लाल तारेवर ५ आणि नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट यावे लागतात. पाच टक्के इकडे-तिकडे चालते. पिवळ्या तारेवर ११.१ भरले. ११.४ च्या खाली म्हणजे डबा दोषी. त्याने लगेच निकाल दिला नाही. दुसरा डबा जोडला, संगणक चालू झाला, पुन्हा जुना जोडला, बंद पडला, पुन्हा नवा.

लहानपणी शास्त्रीबुवांच्या तोंडून ऐकलेला अन्वय-व्यतिरेक मी प्रथमच डोळ्यांनी पाहत होतो. एक असता दुसरे असणे, एक नसता दुसरे नसणे. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावाचून कारण ठरत नाही. नैयायिकांनी आणखी एक सावधगिरी सांगितली आहे: अन्यथासिद्ध. कार्याच्या आधी हजर असलेली प्रत्येक गोष्ट कारण नव्हे. घडा होण्यापूर्वी माती वाहून आणणारे कुंभाराचे गाढवही तेथे होते. म्हणून काही ते घड्याचे कारण ठरत नाही. बिघाडाच्या आदल्या आठवड्यात मोलकरणीने टेबल सरकवले होते आणि आम्ही सर्वांनी मनोमन दोष तिच्यावर ठेवला होता. घरोघरी बिघाडाचा खटला असाच चालतो; जो शेवटी जवळ होता तो आरोपी. त्या बाईची मी नंतर क्षमा मागितली. तिला ती कशाबद्दल, हे नीटसे उमगले नाही, कारण दोष आम्ही बोलून दाखवला नव्हता.

पण डबा बदलूनही प्रकरण मिटले नाही. मदरबोर्डावर प्रोसेसरच्या शेजारी उभ्या असलेल्या पिंपाच्या आकाराच्या कपॅसिटरांपैकी सात माथ्याशी फुगलेले होते, दोघांच्या डोक्यावर तपकिरी खळ सुकली होती. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या कित्येक संगणकांना हा रोग होता. आतील विद्युत्‌वाहक द्रवच सदोष असल्यामुळे त्यात वायू धरे आणि कपॅसिटर आतून फुगत. थंडीत असा कपॅसिटर अधिकच मंदावतो. सकाळच्या तीन-चार प्रयत्नांचा उलगडा तेथे झाला. तारीख मागे जाण्याचे कारण तर या दोहोंहून वेगळे, बोर्डावरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपलेली. आणि चौथे दुखणे संगणक चालू झाल्यावर कानी आले: हार्ड डिस्कमधून मधूनमधून येणारा टक्‌ टक्‌ आवाज. एका लक्षणामागे एकच कारण असावे, ही आपल्या बुद्धीची सोय आहे. म्हाताऱ्या शरीरात आणि जुन्या यंत्रात ती सोय चालत नाही.

बॅटरी त्याने तेव्हाच बदलली. डिस्क उघडून घेऊन जातो म्हणाला, पण ती घराबाहेर न्यायला वहिनींची तयारी नव्हती. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी आपलेच साहित्य घेऊन येण्याचे त्याने कबूल केले आणि मला बजावले, ‘आज रात इसे चालू मत करना.’

मी चालू केला.

असे का केले, याचे उत्तर मी बरेच दिवस स्वतःला वेगवेगळ्या शब्दांत देत राहिलो. काळजी वाटली, राहवले नाही, एक तरी फाइल वाचून पाहावी असे वाटले. यांतले काहीच खोटे नाही. परंतु मुळाशी एक वेगळी गोष्ट होती. आठ वर्षे जे दहा मिनिटांचे काम मी केले नाही ते त्या एका रात्रीत उरकून टाकावे, म्हणजे पूर्वीची दिरंगाई पुसली जाईल, असा तो हिशेब होता. डिस्कमधील तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि तिचे वाचक टोक केसाच्या जाडीच्या हजारव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. ते टोक एकदा अडखळू लागले की प्रत्येक नवी सुरुवात म्हणजे चरा पडण्याची नवी संधी. मी बटण दाबी, पडदा अर्ध्यावर थांबे, टक्‌टक्‌ सुरू होई. मी बंद करी आणि पुन्हा दाबी. किती वेळा, ते मोजले नाही.

सकाळी त्याने डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. दादांच्या बासष्ट फाइलींपैकी एकावन्न निघाल्या. अकरा निघाल्या नाहीत. खाली मान घालून तो म्हणाला की कदाचित काल डिस्क उघडून नेण्याचा आग्रह आपणच धरायला हवा होता. आणि बिलातून त्याने दोनशे रुपये कमी केले. मी गप्प राहिलो. वहिनी शेजारीच होत्या. त्या त्याला काही बोलल्या नाहीत, पण चहा देताना त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही, हे मी पाहिले.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानी जाऊन दोनशे रुपये पुढे ठेवले आणि खरे सांगितले. तो म्हणाला, ‘मालूम था.’ डिस्क स्वतःच्या पोटात आपण किती वेळा चालू झालो याची मोजणी ठेवते. पहिल्या दिवशी त्याने तो आकडा वहीत टिपला होता. दुसऱ्या दिवशी तो नऊने वाढला होता. मग तू बोलला का नाहीस, असे विचारता तो म्हणाला की घरात काकीजी होत्या. पैसे त्याने घेतले. वहिनींना मी त्याच संध्याकाळी सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, ‘भाऊजी, मला वाटलंच होतं. रात्री दिवा दिसत होता.’ म्हणजे मी ज्या दोघांपासून लपवीत होतो त्या दोघांनाही ठाऊक होते, आणि दोघांनीही मला वेळ दिला होता.

येथे आपल्या साऱ्यांच्याच व्यवहाराविषयी एक तक्रार नोंदवतो. त्याच्या बिलात डब्याचे पैसे होते, बॅटरीचे होते. दोन दिवस पाहण्याचे, मोजण्याचे आणि ‘अजून कळत नाही’ असे म्हणण्याचे पैसे नव्हते. विचारले तर म्हणाला, ‘देखने का कौन देता है?’ डॉक्टरला आपण तपासणीची फी देतो, वकिलाला सल्ल्याची देतो. दुरुस्तीकाराला मात्र बदललेल्या भागाचेच मोल मिळते. मग तो भाग बदलू लागला, न पाहता ‘बोर्ड गेला’ म्हणू लागला, तर त्याला लबाड म्हणण्याचा अधिकार आपल्याला कितीसा? मोठ्या दुकानातील त्या तरुणावर मी रागावलो होतो. त्याच्या अप्रामाणिक निदानाला आमच्यासारख्या गिऱ्हाइकांच्या कंजुषीचे खतपाणी आहे, हे मला जेल रोडवर कळले.

आता यंत्र आणि मजकूर या भेदाकडे वळतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की मी सहजच मजकुराला आत्मा आणि यंत्राला वस्त्र मानून बसलो होतो. वहिनींचा आग्रह मला भाबडा वाटत होता. पण मिळालेल्या एकावन्न फाइली मी माझ्या संगणकावर उघडल्या तेव्हा पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची रास. दादांनी वापरलेला फॉन्ट युनिकोडपूर्व पद्धतीचा होता. त्या पद्धतीत फाइलीत साठवलेली असतात रोमन चिन्हे. त्यांना देवनागरीचे रूप देतो तो विशिष्ट फॉन्ट. तो फॉन्ट नसेल तर मजकूर असून नसल्यासारखा. नशिबाने तोही जुन्या डिस्कच्या शाबूत भागात सापडला. ज्याला मी वस्त्र म्हणत होतो त्याचा एक धागा काढून आणल्यावाचून माझ्या आत्म्याला भाषा फुटेना. वहिनींसमोर दृष्टान्त देण्याचे मी तेव्हापासून सोडले.

वहिनींना यंत्र हवे होते, ते त्यांना मिळाले. कपॅसिटर बदलायला वेळ लागणार होता, म्हणून दुरुस्तीकाराने त्याच नमुन्याचा जुन्या बाजारातला बोर्ड बसवला, दुसरी डिस्क घातली, पत्त्यांचा खेळ घातला. मूळचे राहिले काय, तर पेटी, कळफलक, मॉनिटर आणि विणलेले आच्छादन. मिलिंद राजाला नागसेनाने रथाविषयी विचारले होते: आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? ग्रीकांकडे थीसियसच्या नौकेची गोष्ट आहे. तिच्या फळ्या एकेक करून बदलत गेल्या, तेव्हा ती तीच नौका का, असा वाद तत्त्वज्ञ घालीत, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. थॉमस हॉब्जने १६५५ मध्ये त्यावर आणखी एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचीच दुसरी नौका बांधली, तर खरी कोणती?

हॉब्जचा हा पेच मला पुस्तकी वाटत असे. टाळेबंदी उठल्यावर, २०२१ मध्ये, काही कामाने मी जेल रोडच्या त्या दुकानात गेलो. कोपऱ्यात एका उघड्या पेटीत एक संगणक चालू होता. दुरुस्तीकाराचा मुलगा त्यावर टंकलेखन शिकत होता. बोर्डावर एका जोडणीपाशी लाल रंगाचा ठिपका होता. तारा उलट लागू नयेत म्हणून दादांनी वहिनींच्या नखरंगाने तो लावल्याचे मला आठवत होते. सातही कपॅसिटर नवे होते. माणसाने सवडीने ते बदलून तो बोर्ड जिवंत केला होता.

म्हणजे आज दादांचे तीन संगणक आहेत. एक वहिनींच्या टेबलावर, ज्यात दादांनी हात लावलेला आतला एकही भाग नाही. एक जेल रोडवर, ज्यात दादांचा ठिपका आहे आणि दादांविषयी कोणाला काही ठाऊक नाही. आणि एक माझ्यापाशी, म्हणजे एकावन्न फाइली आणि एक फॉन्ट. यांतील खरा कोणता, असे विचारले तर मला आता उत्तर देण्याची घाई वाटत नाही. प्रश्नच अपुरा वाटतो. वहिनींनी रविवार जपला, दुरुस्तीकाराने चालण्याजोगी वस्तू फेकली नाही. दोघांनीही आपापला शब्द पाळला, आणि पाळल्यावर ते थांबले. दुरुस्ती कोठे थांबवावी हे वस्तू सांगत नाही. आपण कोणाला काय कबूल केले होते, ते सांगते. अकरा फाइलींसाठी ती डिस्क मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवता आली असती. खर्च काही हजारांत गेला असता आणि हमी नव्हती. वहिनी म्हणाल्या, ‘नको, यांनी एवढे पैसे कधी स्वतःच्या औषधावर घातले नाहीत.’ मला ते पटले.

फेकण्याच्या बाजूचा विचार थोडक्यात सांगतो. आमचा बोर्ड २००४ चा. युरोपात शिसेयुक्त डाखावर निर्बंध लागू झाले ते २००६ च्या जुलैत, त्यामुळे त्याच्या डाखात शिसे असणारच असे धरून चालावे. असे बोर्ड शेवटी दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोचतात. तेथे तांब्यासाठी तारा जाळतात, सोन्याच्या कणासाठी आम्ल वापरतात, आणि तो धूर तेथल्या माणसांच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे, हे चांगलेच. पण दुसरीकडे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नित्याची सुरक्षा-अद्ययावतने थांबली, आणि ज्यांत काहीही बिघडलेले नाही असे कितीतरी संगणक केवळ नव्या प्रणालीच्या अटींत बसत नाहीत म्हणून एका दिवसात म्हातारे ठरले. फुगलेला कपॅसिटर दिसतो तरी. हे वार्धक्य मल्टिमीटरलाही दिसत नाही. दुसऱ्या बाजूने हेही खरे की पेंटियम ४ वीज बरीच खातो. वहिनींच्या आठवड्याच्या पंधरा मिनिटांनी काही बिघडत नाही. पण जुने ते सारे चालवावे, असा नियम मी त्यावरून करणार नाही.

अकरा फाइलींचा प्रश्न उरला. त्या ज्या कागदांवरून केल्या होत्या ते कागद पत्र्याच्या पेटीत आहेत. दादांनी प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक घातला होता, त्यामुळे कोणते गेले ते नेमके ठाऊक आहे. ते वाचणारे आता घरात कोणी नाही. गेल्या वर्षापासून, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मी मोडी शिकतो आहे. आधी कागदभर आडवी रेघ ओढलेली, तिला टांगलेली अक्षरे, आणि दोन शब्दांमध्ये जागा म्हणून नाही. वहिनी रविवारी पत्त्यांचा डाव मांडतात तेव्हा मी पलीकडच्या खुर्चीवर दादांचे भिंग घेऊन बसतो. पहिला कागद त्या विहिरीच्या तंट्याचा आहे. आजवर त्याच्या साडेचार ओळी लागल्या.